बाय-इन दहा हजारांचा, गंगाजळी तीन लाखांची

पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोत पोकर खेळायचा बेत आहे? समजा, टेबल ५०/१०० रुपये ब्लाइंडचे आहे. शंभर मोठ्या ब्लाइंडचा बाय-इन धरला तर १०,००० रुपये होतात. पण हा झाला एका बैठकीचा आकडा. नियमित खेळणाऱ्याचा हिशेब वेगळा.

गंगाजळी किती हवी?
कॅश गेमसाठी २० ते ३० बाय-इन हा रूढ दंडक. म्हणजे वरच्या टेबलासाठी २ ते ३ लाख. टुर्नामेंटमध्ये बहुतेकांची प्रवेश फी बुडतेच, त्यामुळे तिथे शंभर प्रवेश फींची तयारी ठेवावी. एक्क्यांची जोडी हातात घेऊन दुसऱ्या जोडीविरुद्ध ऑल-इन केले, तरी साधारण पाचांतून एकदा हार होते. अशा हारी लागोपाठही येतात.

आणखी काय कापले जाते?
• रेक : पॉटमधून कॅसिनोची टक्केवारी, ठरावीक मर्यादेपर्यंत.
• जीएसटी : २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तो चिप्सच्या दरातच धरला असेल, तर १०,००० रुपयांत ७,१४३ रुपयांच्याच चिप्स हाती येतात. काउंटरवर आधी विचारा.
• आयकर : जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के, वर उपकर. हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही.
• प्रवास आणि मुक्काम वेगळा.

पथ्ये
• पोकरचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि अडीअडचणीची तरतूद यांना हात लावायचा नाही.
• एका रात्रीत दोन बाय-इन गेले की उठा. एटीएम कार्ड खोलीवरच ठेवून या.
• गंगाजळी २० बाय-इनखाली आली की लहान ब्लाइंडच्या टेबलावर उतरा. त्यात कमीपणा नाही.
• उसनवारी करून खेळू नका.
• प्रत्येक बैठकीची तारीख, तास, बसतानाची आणि उठतानाची रक्कम वहीत लिहा.

सरावासाठी म्हणून मोबाइलवर पैसे लावू नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे.

गंगाजळी नशिबाचे चढउतार सोसते, कच्चा खेळ सावरत नाही. वर्षअखेरीस वहीतली बेरीज उणे निघाली, तर गंगाजळी वाढवत बसू नका. पोकर ही तुमची करमणूक समजा, तिची वार्षिक रक्कम आधी ठरवा आणि ती संपली की थांबा.