न पाहिलेल्या नमुन्याची गोधडी

शास्त्रपाठ : निर्गम २५:१-९, २६:१-१४, ३५:२०-२९, ३६:२-७, ३८:२१-३१, इफिस ३:१-११

निवासमंडपाचे अध्याय शब्बाथ शाळेत शिकवायची वेळ आली की बहुतेक शिक्षकांची तारांबळ उडते. हातांची मापे, फळ्या, उथळ्या, कड्या, आकडे. मुले जांभया देऊ लागतात, आणि सोन्याच्या वासराची गोष्ट एकदाची केव्हा येते याची शिक्षकही मनातून वाट पाहत असतो. मी स्वतः पुष्कळ वर्षे हे अध्याय दोन वाक्यांत उरकले आहेत. परंतु गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या अन्नपूर्णा भागात आम्ही दहाजणींनी मिळून एक गोधडी शिवली, आणि त्या गोधडीने मला हे अध्याय मापांसकट पुन्हा वाचायला लावले. म्हणून हा पाठ.

देवळावरून ज्याला अन्नपूर्णा म्हणतात त्या भागात आणि त्याच्या आजूबाजूच्या वसाहतींत मराठी बोलणारी घरे बरीच आहेत. त्यांतील काही ख्रिस्ती कुटुंबांतील बायका शनिवारी दुपारी एकीच्या घरी शास्त्राभ्यासाला जमतात. उपासना हिंदीत, प्रार्थना मात्र मनातून मराठीत, अशी आमची स्थिती. आमच्यातील एकीला आम्ही सगळ्या ताई म्हणतो. त्यांची भाची कॅनडात असते. ज्या देशातून १८७७ साली प्रेस्बिटेरियन मिशनरी इंदुरास आले, त्याच देशातून ही गोधडीची कल्पना आमच्याकडे आली, हा योगायोगच म्हणायचा.

कल्पना अशी. अमेरिका व कॅनडा या देशांत गोधड्या शिवणाऱ्या बायकांची मंडळे आहेत. तेथील वर्तमानपत्रांतून पूर्वी गोधडीचे नमुने छापून येत. कॅन्सस सिटी स्टार या पत्राने १९२८ ते १९६१ पर्यंत असे नमुने दिले. पुढे एक गमतीचा प्रकार निघाला. गोधडीचा नमुना जिने काढला तिने तो पूर्ण तयार ठेवायचा, पण कोणाला दाखवायचा नाही. आरंभी फक्त इतकेच सांगायचे की कापड कोणते, किती, फिके किती, गडद किती. मग टप्प्याटप्प्याने एकेक काम द्यायचे : या वेळी इतके त्रिकोण कापा; पुढच्या वेळी ते असे जोडा. शेवटच्या टप्प्यापर्यंत आपण काय शिवतो आहोत ते शिवणारीला कळत नाही. त्याला तिकडे मिस्टरी क्विल्ट म्हणतात. आम्ही गुपित गोधडी म्हटले.

आपल्याकडील गोधडीतही आधी चित्र नसते, हे खरे. जुने लुगडे फाटले, धोतर विरले, की ते थरावर थर घालून धावदोऱ्याने शिवायचे. कोणता तुकडा कोठे बसेल ते तुकडा हाती येईल तेव्हा ठरते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या बायका अशाच गोधड्या करतात. त्यांना कवंदी म्हणतात. त्या कडेपासून शिवत शिवत आत मध्यापर्यंत येतात, आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुले लावतात. सिद्दींमध्ये ख्रिस्ती, मुसलमान व हिंदू अशी सर्व कुटुंबे आहेत. ख्रिस्ती घरातील कवंदीवर कधी क्रूसही दिसतो. परंतु येथे एक भेद आहे व तो शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. कवंदीत काय होणार ते शिवणारीलाही पूर्ण ठाऊक नसते. गुपित गोधडीत ते एकीला पूर्ण ठाऊक असते. तिने ते आधीच पाहिलेले असते. मुलांना हे सांगितले नाही तर देव आपल्या आयुष्याचे तुकडे हाती येतील तसे जोडत बसला आहे, अशी त्यांची समजूत होईल.

पहिल्याच शनिवारी अडचण आली. ताईंनी कापडाची मापे सांगितली : पांढरे, निळे, पिवळे, मिळून सहा मीटर, पाठीला व आत भरायला घरातील जुन्या सुती साड्या. आमच्यातील एक वहिनी उठून म्हणाल्या, "मी पैसे देईन, पण चित्र पाहिल्याशिवाय कात्री लावणार नाही." आम्हाला वाटले थट्टा करतात. पण ती थट्टा नव्हती. त्या पूर्वी ज्या मंडळीत होत्या तेथे मंडळीच्या जागेचा व्यवहार आधी झाला आणि सभासदांना नंतर कळला. विचारणाऱ्यांना सांगण्यात आले होते की पुढाऱ्यांवर विश्वास ठेवा, सर्व देवाच्या योजनेप्रमाणे चालले आहे. वहिनी म्हणाल्या, "योजना गुप्त आहे म्हणून गप्प बसा, हे मी एकदा ऐकले. पुन्हा नाही."

खोलीत कोणी काही बोलेना. मला त्या वेळी वहिनींचा राग आला, हे कबूल करते. एवढ्याशा गोधडीत हे कशाला, असे वाटले. परंतु ताईंनी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक, कापड दुकानाची पावती. ती त्यांनी दाराच्या आतल्या बाजूस चिकटवली व कोणी किती दिले ते तिच्याखाली लिहिले. दुसरी, एक बंद पाकीट. त्यात पुऱ्या गोधडीचे चित्र होते. ते त्यांनी आमच्यातील सर्वांत वडील अशा मावशींच्या हाती दिले आणि म्हणाल्या, "मला काही झाले तर हे उघडा. काम अडायला नको." वहिनींनी पावतीची बेरीज करून पाहिली आणि कात्री घेतली.

त्या रात्री मी निर्गमाचे शेवटचे अध्याय काढले. मोशेला पर्वतावर नमुना दाखवण्यात आला; लोकांना तो दाखवण्यात आला नाही. लोकांनी मोशेच्या शब्दावर काम केले. इतके आपण नेहमी शिकवतो. पण अडतिसावा अध्याय आपण वाचतच नाही, कारण तो हिशेबाचा आहे. सोने एकोणतीस किक्कार व सातशे तीस शेकेल. चांदी शंभर किक्कार व एक हजार सातशे पंच्याहत्तर शेकेल. पितळ किती, आणि कोणत्या उथळीला काय लागले, तेसुद्धा. मोशेच्या हुकमाने हा हिशेब झाला व तो पवित्र शास्त्रात कायमचा लिहिला गेला. त्याआधी छत्तिसाव्या अध्यायात अर्पणे गरजेपेक्षा अधिक झाली तेव्हा पुरे म्हणून छावणीत जाहीर करण्यात आले. नमुना लोकांनी पाहिलेला नव्हता. पैसा मात्र सर्वांना दिसत होता. देवाच्या योजनेचे नाव घेऊन जो हिशेब झाकतो, त्याला मोशेचा दाखला देता येणार नाही. प्रौढांच्या वर्गात हा भाग घाईने घेऊ नये.

पौलही इफिसकरांस लिहिताना रहस्य हा शब्द वापरतो, तो याच अर्थाने समजावून सांगावा. आपल्या बोलण्यात गुपित म्हणजे झाकून ठेवायची वस्तू. पौलाचे रहस्य पूर्वी झाकलेले होते व आता उघड झालेले आहे. आणि ते काय, तर परराष्ट्रीय लोक वतनाचे भागीदार, एकाच शरीरातले झाले. म्हणजे आपण. यहूद्यांच्या कापडाला आपला तुकडा जोडला जाणार हे पुष्कळांच्या स्वप्नातही नव्हते. आपल्या मराठी मंडळ्यांत निरनिराळ्या जातींतून आलेली माणसे एका भाकरीला व एका प्याल्याला बसली, तेही सहजासहजी घडलेले नाही. वर्गात वयस्क माणसे असतील तर त्यांनी आपल्या आजीआजोबांकडून ऐकलेले सांगावे. ते माझ्या कोणत्याही विवेचनाहून अधिक उपयोगी पडेल.

आता शिवणकामाकडे. चौकोन वीस होते, प्रत्येकी बारा इंचांचे, आणि प्रत्येकीकडे दोन. शिवणीसाठी पाव इंच कापड ठरलेले. ताई फक्त यासाठी कडक होत्या. शिवणीत कोणी अर्धा सूत कापड जास्त घेतले तर दोन्ही तुकड्यांतून मिळून एक सूत जाते. अशा आठ शिवणी झाल्या की एक इंच गेला. ज्याला चित्र ठाऊक नाही त्याच्याजवळ माप हा एकच आधार असतो. निवासमंडपाच्या पडद्यांचेही तेच आहे. दहा पडदे, प्रत्येक अठ्ठावीस हात लांब, चार हात रुंद. पाच पाच जोडायचे. एका किनारीला निळ्या सुताची पन्नास बिरडी, समोरच्या किनारीला पन्नास. मध्ये सोन्याचे पन्नास आकडे. एकाने एकोणपन्नास बिरडी केली असती तर एक आकडा लोंबकळत राहिला असता. तेव्हा ही मापे कंटाळवाणी नाहीत. ज्यांनी पूर्ण मंडप पाहिलेला नव्हता त्यांचे काम एकमेकांना जुळावे म्हणून ती दिलेली आहेत. मुलांना कागदाच्या दोन पट्ट्या द्याव्यात, दोन मुलांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवून फक्त माप सांगून भोके पाडायला लावावे, आणि मग एकच सुतळी दोन्हींतून ओवून पाहावी. मी हे करून पाहिले आहे. पहिल्या खेपेस भोके जुळत नाहीत, आणि तेच बरे.

आमचीही जुळली नाहीत. चौथ्या शनिवारी चौकोन मोजले तेव्हा मावशींचे दोन्ही चौकोन पाच पाच सूत कमी भरले. प्रत्येकात उभ्या पाच, आडव्या पाच शिवणी; प्रत्येक शिवणीत एक सूत गेले होते. मावशींचे वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू. तरुणपणी त्यांनी इंदूरच्या मिलच्या कटपिसांतून अख्ख्या घराची पांघरुणे शिवली होती. त्या मिलच्या दिवसांपैकी आता फार काही उरलेले नाही. हुकुमचंद मिल १९९१ सालीच बंद पडली. एकीने हळूच सुचवले की मावशी घरी गेल्यावर चौकोन उसवून पुन्हा शिवू, त्यांना कळणारही नाही. बहुतेकींना ते पटले. मलाही पटले होते.

वहिनींना ते पटले नाही. त्यांनी चौकोन मावशींच्या मांडीवर ठेवले आणि माप सांगितले. मावशींनी बोटांनी शिवणी चाचपून पाहिल्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, "उसवा म्हणाल तर मीच उसवते. पण माझ्यामागे करू नका गं." ताईंनी उसवू दिले नाही. त्यांनी ते दोन चौकोन गोधडीच्या दोन कोपऱ्यांत ठेवले. कोपऱ्यातल्या चौकोनाच्या दोन बाजू मोकळ्या असतात. त्या बाहेरच्या बाजूंना निळ्या कापडाची पट्टी जोडली की माप पुरे होते, आणि पट्टी किनारीत मिसळून जाते. गोधडीत दुसरी कोणतीही जागा त्यांना चालली नसती. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात अशक्त दिसणाऱ्या अवयवांविषयी पौल लिहितो तो भाग मी त्या संध्याकाळी पुन्हा वाचला.

शेवटच्या शनिवारी रांगा जोडल्या. आमच्या प्रत्येक चौकोनाच्या चारी कोपऱ्यांत पिवळ्या कापडाचे दोन दोन निमुळते त्रिकोण होते. ते कशासाठी, हे कोणालाच कळले नव्हते, आणि मला तर ते दिसायलाही बरे वाटत नव्हते. चार चौकोन एकत्र आले तेव्हा त्यांच्या मधोमध चार टोकांचा तारा तयार झाला. तो कोणाही एकीच्या चौकोनात नव्हता. चौघींच्या जोडणीवर होता. चार आडवे, पाच उभे असे वीस चौकोन. त्यांच्या आत बारा तारे, आणि कडांना अर्धे. मावशींनी पाकीट वहिनींच्या हाती दिले. आम्ही चित्राशी गोधडी ताडून पाहिली.

मुलांना हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले की ज्या बायकांनी निळे, जांभळे, किरमिजी सूत कातले (निर्गम ३५:२५), त्यांना पुढे ते आत जाऊन पाहता आले का? मी थबकले. करूबांची चित्रे काढलेले ते पडदे मंडपाच्या आत होते. वरून बकऱ्यांच्या केसांचे अकरा पडदे, त्यावर कातडी. आत याजकांनीच जायचे. परमपवित्रस्थानात प्रमुख याजकाने, वर्षातून एकदा. तेव्हा नाही, असेच उत्तर द्यावे लागते. सूत कातणारीने आपले सूत पुन्हा पाहिले नसेल. त्या मुलीला मी निर्गम २६:३१ वाचायला लावले, तेथे मधला पडदा त्याच तीन रंगांच्या सुताचा आहे. मग २ इतिहास ३:१४, शलमोनाच्या मंदिरातील पडदा. आणि मग मत्तय २७:५१. तिने तिन्ही वचने मोठ्याने वाचली. शिक्षकांनीही याच क्रमाने वाचून घ्यावीत व मध्ये स्वतः काही बोलू नये.

गोधडी आमच्याच भागातील एका बाळंतिणीकडे गेली; ती ख्रिस्ती नाही, आणि तिला ताऱ्यांची हकीकत कोणी अजून सांगितलेली नाही. इंदूरच्या जानेवारीतील रात्री गार असतात. या वर्षीची गोधडी वहिनींनी काढली आहे. कापडाची पावती दाराच्या आतल्या बाजूस लागली, पाकीट पुन्हा मावशींकडे आहे. कापड या खेपेस तांबडे आणि पांढरे आहे, एवढेच आम्हाला ठाऊक आहे.