स्विचचे पान उघडत नाही? आधी पत्ता तपासा!

पूर्वी दुकानात गल्ला, तराजू आणि खातेवही असली की भागत असे. आता बिलाचा संगणक, कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर आणि कार्ड स्वाइपचे यंत्र आले. ही सारी उपकरणे एकमेकांना जोडणारी पेटी म्हणजे नेटवर्क स्विच. ती अडली की सारे दुकान अडते, आणि आपण मेकॅनिकची वाट पाहत बसतो. यातले बरेच काम आपल्याला स्वतः करता येते. कसे, ते आज पाहू.

उस्मानपुऱ्यात आमच्या एका परिचितांचे तयार कपड्यांचे दुकान आहे. खाली विक्री, वर शिलाईचा कारखाना. त्यांनी जुन्या बाजारातून आठ तोंडांचा एक स्विच स्वस्तात घेतला. बिलाचा संगणक चालला, पण वरच्या मजल्याचे कॅमेरे रेकॉर्डरवर दिसेनात. ईदच्या खरेदीची गर्दी तोंडावर आलेली. "मेकॅनिक म्हणतो, स्विच गेला, नवीन घ्या," असे ते म्हणाले. आम्ही लॅपटॉप घेऊन गेलो आणि आम्हीही आधी फसलो. स्विचवर लिहिलेला पत्ता १९२.१६८.०.१ ब्राउझरमध्ये टाकला, पान उघडले, पण पासवर्ड काही केल्या लागेना. अर्धा दिवस गेल्यावर ध्यानात आले की लॅपटॉपचा वाय-फाय चालू होता, राउटरचा पत्ताही तोच होता, आणि आम्ही राउटरचेच दार ठोठावत होतो! म्हणून आता पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी : स्विचला पान आहे का? पाच-आठ तोंडांच्या बहुतेक साध्या स्विचना सेटिंगचे पानच नसते. पेटीच्या तळाशी पत्ता, नाव व पासवर्ड छापला असेल, किंवा 'स्मार्ट' अथवा 'मॅनेज्ड' असे लिहिले असेल, तरच पुढे जा.

दुसरी पायरी : बाकीच्या तारा कोणत्या तोंडाला होत्या ते लिहून ठेवा आणि त्या काढा. फक्त वीज आणि लॅपटॉपची तार ठेवा. लॅपटॉपचा वाय-फाय बंद करा. तोंडाजवळचा दिवा लागला पाहिजे. न लागल्यास तार किंवा तोंड बदलून पाहा.

तिसरी पायरी : पत्ता. खरी गोम इथेच आहे. घरगुती व खासगी जाळ्यांसाठी आकड्यांचे तीन गट राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. यातले पहिले तीन आकडे म्हणजे मोहल्ला आणि शेवटचा म्हणजे घर क्रमांक, असे समजा. दोघे एकाच मोहल्ल्यात असले तरच थेट बोलणे होते. राउटर लॅपटॉपला पत्ता वाटून देतो, स्विच सहसा देत नाही. मग लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता धरतो. तो दिसला की समजावे, कोणी पत्ता दिलेला नाही.

अशा वेळी लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता हाताने भरा. स्विच १९२.१६८.०.१ वर असेल, तर लॅपटॉपला १९२.१६८.०.१० द्या आणि मास्क २५५.२५५.२५५.० ठेवा. गेटवेचा रकाना रिकामा राहू द्या. हे आकडे संगणकात इंग्रजी अंकांतच टाकावेत. कंपनीगणिक पत्ता वेगळा असतो. टीपी-लिंकच्या अनेक स्विचचा १९२.१६८.०.१, नेटगिअरच्या अनेकांचा १९२.१६८.०.२३९, तर डी-लिंकच्या अनेकांचा १०.९०.९०.९० असतो. काही स्विच राउटरकडून स्वतः पत्ता घेतात. तो राउटरच्या पानावरील यादीत सापडतो.

चौथी पायरी : कमांडच्या काळ्या खिडकीत पिंग लिहून पुढे स्विचचा पत्ता द्या. उत्तर आले तर रस्ता मोकळा आहे. न आल्यास तार दुसऱ्या तोंडाला लावून पाहा, कारण आधीच्या मालकाने पानाची वाट एखाद्याच तोंडापुरती ठेवलेली असू शकते.

पाचवी पायरी : पिंगला उत्तर येते, पण पान येत नाही? पत्ता शोधाच्या चौकटीत नव्हे, वरच्या पत्त्याच्या पट्टीत लिहा आणि आधी एचटीटीपी जोडा. नवे ब्राउझर सुरक्षित जोडणीचा आग्रह धरतात, ती जुन्या स्विचना जमतेच असे नाही. ब्राउझरची खासगी खिडकीही उघडून पाहा.

सहावी पायरी : पासवर्ड लागत नसेल, किंवा पत्ताच बदललेला असेल, तर रीसेटच्या छिद्रात पिन दाबून धरावी. किती सेकंद, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असते. पण ध्यानात ठेवा, याने जुन्या सर्व सेटिंग पुसल्या जातात.

उस्मानपुऱ्याच्या दुकानात हेच करावे लागले. आधीच्या मालकाने आठ तोंडांचे दोन वेगळे भाग पाडले होते. रेकॉर्डर एका भागात, वरचे कॅमेरे दुसऱ्या भागात! रीसेटने ती भिंत पडली. मग पानावर जाऊन स्विचचा पत्ता १९२.१६८.०.२ केला, म्हणजे राउटरशी टक्कर नको. पत्ता बदलताच पान तुटले. घाबरू नये, नव्या पत्त्यावर ते पुन्हा उघडते. शेवटी 'सेव्ह' केले, तारा जोडल्या आणि कॅमेरे दिसू लागले. नव्या स्विचचा खर्च वाचला.

आता सर्वांत महत्त्वाचे. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातील लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले होते. दुकानाला कुलूप लावून किल्ली दारावरच टांगावी, तसा हा प्रकार आहे.

नवा पत्ता व पासवर्ड हिशेबाच्या वहीत लिहून ती तिजोरीत ठेवा. आणि लॅपटॉपचा पत्ता पुन्हा 'आपोआप' वर आणायला विसरू नका, नाहीतर घरी गेल्यावर इंटरनेट चालणार नाही आणि दोष भलत्यालाच लागेल.

यंत्र बिघडले म्हणून फेकण्यापूर्वी आपण त्याच्या योग्य पत्त्यावर गेलो आहोत का, एवढे आधी पाहावे.