दगडी पूल कशानें टिकतो?

पूल आपण नित्य ओलांडतों. परंतु तो कशाच्या बळावर उभा आहे, याचा विचार क्वचितच करतों. विद्यार्थिमित्रहो, तोच विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागांत कालाव्हों नदीवर 'पों ज्युलियें' नांवाचा तीन कमानींचा रोमन पूल आहे. इ. स. पूर्वी ३ च्या सुमारास तो बांधला गेला. कमानीचा प्रत्येक दगड पाचरीसारखा, वर रुंद व खालीं अरुंद, असा घडवितात. लांकडी सांगाड्यावर दोन्ही बाजूंनीं दगड रचीत आणून माथ्यावर कळीचा दगड बसवितात. पुढें सांगाडा काढला, तरी वरच्या ओझ्यानें दगड एकमेकांस घट्ट धरून राहतात. या पुलाच्या खांबांत वरच्या अंगास झरोके आहेत. महापुराचें पाणी त्यांतून निघून जातें व दाब कमी होतो. सुमारें दोन हजार वर्षे सेवा केल्यावर २००५ सालीं शेजारीं नवा पूल झाला, आणि जुन्याला मोटारींच्या भारापासून मुक्ति मिळाली.

आपल्याकडेही प्रतापगडाच्या पायथ्याशीं, पार गांवाजवळ, कोयना नदीवर शिवकालीन दगडी पूल उभा आहे.

परंतु दगड आहे म्हणजे पूल अमर आहे, असें नव्हे. महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महापुरांत कोसळला. दोन एस. टी. गाड्या व इतर वाहनें प्रवाहांत गेलीं. कित्येक घरांतील माणसें परत आलीं नाहींत. कमानीचा सारा भार शेवटीं पायावर येतो. पुराचें पाणी पायाजवळची माती उकरून नेतें, आणि हा घात पाण्याखालीं होत असल्यामुळें वरून दिसत नाहीं. सांध्यांत रुजलेलें पिंपळाचें रोपटेंही मुळांनीं दगड दूर सारतें.

एकोडीच्या या भंडारा जिल्ह्यांत कोहळी लोकांनीं पूर्वीं तलाव बांधले. त्यांची पाळ ज्यांनीं राखली, त्यांच्याच शेतांना पाणी मिळालें. पुलाचेंही तसेंच आहे. म्हणून मुलांनो, पुलाला भेग पडलेली, दगड निखळलेला किंवा झाड रुजलेलें दिसल्यास वडील मंडळींस सांगा; त्यांनीं तें ग्रामपंचायतीस कळवावें. पुलावरून पाणी वाहत असतां कोणींही पलीकडे जाण्याची घाई करूं नये. बांधणाऱ्यांनीं आपलें काम केलें; राखणें आपल्याकडे आहे.