आगोटीची बेगमी आणि घरची तयारी

आमच्या ठाणें जिल्ह्यांत व कोंकणपट्टींत आगोट हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नसे. मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं घरधनीण सुकट-बोंबील उन्हांत वाळवून डब्यांत भरी, कांद्याच्या माळा आढ्यास टांगी, मसाला कुटून घेई, सरपण व गोवऱ्या पडवींत रचून ठेवी. आणि धनी कौलें चाळून घेई. बाजाराचा रस्ता बंद पडला तरी घरची चूल बंद पडूं नये, एवढाच त्या खटाटोपाचा हेतु असे. पुढें दुकान दाराशीं आलें, हातांत नियमित पगार येऊं लागला, गॅसची टाकी आली, आणि बेगमीची संवय सुटली. पाऊस मात्र आपली संवय सोडावयास तयार नाहीं.

२६ जुलै २००५ चा दिवस आमच्या पुष्कळ वाचकांस आठवत असेल. सांताक्रूझच्या वेधशाळेंत त्या वेळीं २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. इकडे उल्हास नदीस महापूर येऊन बदलापूर, कल्याण व आसपासचे सखल भाग पाण्याखालीं गेले. आम्ही तेव्हां अंबरनाथ पश्चिमेस एका चाळींत राहत होतों. घरांत पाणी मांडीपर्यंत चढलें. विजेरी होती, पण तिच्यांतील सेल कधींच गळून गेले होते. आगपेट्या होत्या, त्या भिजल्या. ज्या अंबरनाथांत विमकोचा आगपेट्यांचा एवढा मोठा कारखाना होता, त्या गांवीं त्या रात्रीं आमच्या घरीं एक काडी पेटेना, ह्याचें आतां हंसूं येतें. तेव्हां आलें नाहीं. दाखले व पासबुकें खाटेखालच्या पत्र्याच्या पेटींत होतीं. पेटी मजबूत होती, कुलूपही चांगलें होतें, आणि पाणी आंत शिरल्यावर तें बाहेर जाऊं नये इतकी ती घट्ट होती. शाळेच्या दाखल्यावरील शाई धुऊन गेली, आणि नवा दाखला मिळविण्यासाठीं एका कचेरीच्या पायऱ्या आम्ही कित्येक महिने झिजविल्या.

परंतु ज्या गोष्टीसाठीं हा पाठ लिहावयास घेतला ती ही नव्हे. आमच्या चाळींत टोंकाच्या खोलींत एक वृद्ध आजीबाई एकट्या राहत. सर्व बिऱ्हाडें वरच्या रस्त्यालगतच्या इमारतींत गेलीं. आम्हांस वाटलें, शेजाऱ्यांनीं त्यांस नेलें असेल. शेजाऱ्यांस वाटलें, आम्हीं नेलें असेल. पहांटेच्या सुमारास कोणीतरी नांव घेऊन विचारलें, तेव्हां सर्व एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागले. दोन तरुण दोर धरून परत गेले. आजीबाई खाटेवर उभ्या राहून खिडकीचा गज धरून होत्या, आणि पाणी त्यांच्या गुडघ्यास लागलें होतें. त्या वांचल्या. आमच्यापैकीं कोणीही निर्दय नव्हता. फक्त कोणी कोणास आणावें हें आधीं ठरलेलें नव्हतें.

यास्तव सामान जमविण्यापूर्वीं घरांत बोलणें झालें पाहिजे. रात्रीं जेवण झाल्यावर मुलांसह सर्वांनीं बसावें, आणि कोणीं काय करावयाचें तें नांव घेऊन ठरवावें. विजेचें मुख्य बटण कोण बंद करील? गॅसचा रेग्युलेटर कोण काढील? तान्हें मूल कोणाच्या कडेवर, म्हातारीचा हात कोणाच्या हातांत, कागदांची पिशवी कोणाच्या खांद्यावर? गोठ्यांतील जनावरांचीं दावीं कोण सोडील? (बांधलेलें जनावर दाव्यासह बुडतें, सोडलेलें बहुधा उंच जागा शोधतें.) घरचीं माणसें कामावर व शाळेंत पांगलेलीं असतांना संकट आलें तर सर्वांनीं कोठें भेटावयाचें? आणि दूर गांवीं, नाशिकास म्हणा कीं अहिल्यानगरास, एक नातलग असा ठरवावा कीं ज्यास प्रत्येकानें आपली खुशाली कळवावी. कारण गांवांतल्या गांवांत फोन लागत नाहीं अशा वेळीं बाहेरगांवीं कधीं कधीं लागतो. त्याचा क्रमांक कागदावर लिहून मुलाच्या दप्तरांत ठेवावा. जो क्रमांक फक्त मोबाइलांत आहे तो मोबाइल बंद पडला कीं गेला.

घर सोडावयाचें केव्हां, हेंही आधींच ठरवावें, कारण त्या वेळीं प्रत्येकाचें मत निराळें होतें. ह्यासाठीं आपल्या नदीची रीत ठाऊक पाहिजे. उल्हास नदी घाटाखालून निघून कर्जत, नेरळ व बदलापूर ह्या वाटेनें येते. घाटावर जोराचा पाऊस झाला कीं बदलापुरास त्याचें पाणी कांहीं तासांनीं पोंचतें. मग आपल्या डोक्यावर आभाळ उघडलेलें कां असेना. त्यांत कल्याणच्या खाडीस भरती असली तर पाण्यास उतार मिळत नाहीं व तें मागें तुंबतें. उलट वालधुनी, जी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून उल्हासनगराकडे जाते, ती आखूड आहे आणि कचऱ्यानें कोंदलेली आहे. ती पाहतां पाहतां चढते. म्हणून उल्हासकांठच्या मंडळींनीं घाटावरच्या पावसाच्या बातमीकडे कान ठेवावा, आणि वालधुनीकांठच्यांनीं बातमीची वाट न पाहतां पाण्याकडे डोळा ठेवावा. २००५ सालीं पाणी कोठवर आलें होतें तें जुन्या माणसांस विचारून भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर रंगानें खूण करावी. त्याच्या बरेंच खालीं दुसरी खूण करावी. पाणी ह्या दुसऱ्या खुणेस लागलें कीं वाद न घालतां निघावयाचें. धांवत्या पाण्यांत मात्र पाऊल घालूं नये. गुडघ्याएवढ्या वाहत्या पाण्यानेंही धडधाकट माणसाचे पाय उखडतात, आणि गढूळ पाण्याखालीं उघडें गटार दिसत नाहीं.

आतां सामानाविषयीं. मदत येत नाहीं असें नाहीं, पण तिला यावयास वेळ लागतो. २७ जुलै २०१९ रोजीं मुंबईहून कोल्हापुरास जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकली. हजाराच्या आसपास उतारू होते, त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या आल्या, नौदल आलें, हेलिकॉप्टरें आलीं, जवळच्या गांवचे लोक धांवले, आणि सर्व उतारू सुखरूप बाहेर निघाले. तरीही पहांटेपासून दुपारपर्यंत त्यांस आपल्या पिशवींत जें होतें त्यावरच निभावून न्यावें लागलें. रुळांवरच्या एका गाडीस जर इतका वेळ लागला, तर आडवळणाच्या पाड्यास किती लागेल ह्याचा वाचकांनींच हिशेब करावा. तीन दिवस बाहेरून कांहीं न मिळतां घर चालेल इतकी बेगमी असावी, असें आम्ही धरतों.

तीन दिवसांची यादी एकदम वाचली म्हणजे गरीब माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस कांहींच घेत नाहीं. हें आम्हीं अनेक घरीं पाहिलें आहे. योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा साठविला, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. दुष्काळ दारांत आल्यावर त्यानें कोठारें बांधावयास घेतलीं नाहींत. आपल्यास पांचवा हिस्सा परवडणार नाहीं. मूठभर परवडेल. स्वयंपाकास तांदूळ मोजून घेतल्यावर त्यांतील एक मूठ निराळ्या डब्यांत टाकावी. एका मुठींत सुमारें ५० ग्रॅम धरले तर दोन महिन्यांत तीन किलो होतात, आणि जेवणारास फरक कळत नाहीं. परंतु पुरांत चूल पेटेलच असें नाहीं; म्हणून ह्या वांचविलेल्या तांदुळाच्या जोरावर एखाद्या आठवड्यास पोहे, एखाद्या आठवड्यास चणे-चुरमुरे, शेंगदाणे व गूळ असें न शिजवतां खातां येणारें धान्य घेत जावें. पोह्यांसारखा सोबती नाहीं. थंड पाण्यांत भिजविले कीं जेवण झालें. इतर वस्तूही अशाच, एका बाजारास एक. ह्या बाजारीं विजेरी, पुढच्या बाजारीं सेल (ते विजेरींत न घालतां बाजूस ठेवावे, नाहीं तर आमच्यासारखें होईल). मग शिट्टी, दहा-बारा हात मजबूत दोर, फोनसाठीं चार्ज करून ठेवलेली पॉवर बँक, झांकणाच्या बाटलींत आगपेटी व मेणबत्ती. घरांत ज्यांस मधुमेहाचें किंवा रक्तदाबाचें औषध चालूं आहे त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या, आणि चिठ्ठीची नक्कल. बायामुलींस लागणारे कपडे व पॅड विसरूं नयेत. हें लिहावयास पुरुष लाजतात म्हणून तें बहुधा विसरलें जातें. थोडे पैसे सुट्या नोटांत असावे, कारण वीज नसली कीं मोबाइलावरून पैसे देणें बंद.

पाण्याविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. पुरांत वीज बंद होते, वीज बंद झाली कीं पंप बंद होतात, आणि दारांत पूर असतांना नळ कोरडा राहतो. पिण्यास व स्वयंपाकास माणशीं रोज चार लिटर धरावें. पांच माणसांस तीन दिवसांचें ६० लिटर झालें. इतकें पाणी वर्षभर भरून ठेवण्याची गरज नाहीं. झांकणाचे दोन-तीन कॅन धुऊन पालथे ठेवावे, आणि जोराच्या पावसाची सूचना आली कीं इतर कांहीं करण्यापूर्वीं ते भरावे. पुरानंतर विहिरीचें वा बोअरचें पाणी स्वच्छ दिसलें तरी फडक्यानें गाळून, बुडबुडे आल्यावर निदान एक मिनिट खळखळ उकळूनच प्यावें. कोणास जुलाब लागले तर एक लिटर उकळलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडें थोडें पाजीत राहावें व दवाखाना गांठावा. पुराच्या पाण्यांत उंदरांचें मूत मिसळलेलें असतें. त्यापासून लेप्टोस्पायरोसिस हा ताप येतो, आणि २००५ च्या पुरानंतर मुंबईंत त्याची मोठी साथ आली होती. पायास जखम असेल तर त्या पाण्यांत उतरूं नये. उतरावें लागलें आणि पुढें कांहीं दिवसांनीं ताप आला, तर आपण पुरांत चाललों होतों हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें.

कागदपत्रें, म्हणजे आधार, शिधापत्रिका, पासबुक, सातबारा, जन्माचे व बाप्तिस्म्याचे दाखले, दोन प्लॅस्टिक पिशव्यांत एकांत एक घालून तोंड बांधावें, आणि सर्व सामानाची झोळी खाटेखालीं नव्हे, तर माळ्यावर किंवा दाराजवळच्या उंच खुंटीस टांगावी. कागदांचीं छायाचित्रें दूरच्या नातलगाच्या फोनांतही असूं द्यावीं. पाणी ओसरल्यावर घर धुण्यापूर्वीं नुकसानीचीं छायाचित्रें घ्यावीं. पंचनाम्याच्या वेळीं धुतलेलें घर आपली साक्ष देत नाहीं.

कारखान्यांच्या शेजारीं राहणाऱ्यांस आणखी एक सूचना. ३ जून २०२१ रोजीं बदलापुरास एका कारखान्यांतून वायु सुटला, तेव्हां लोकांस श्वास घेणें कठीण झालें. अशा वेळीं काय झालें तें पाहण्यास बाहेर धांवूं नये. दारें-खिडक्या लावून फटींत ओलीं फडकीं कोंबावीं. निघावेंच लागलें तर नाकातोंडास ओलें फडकें धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेनें जावें, वाऱ्याबरोबर नव्हे.

उपदेशकांनीं हा पाठ वाचून दाखवून थांबूं नये. मंडळींत जीं माणसें एकटीं, आंधळीं, पंगु किंवा बाळंतीण आहेत त्यांचीं नांवें लिहावीं, आणि प्रत्येक नांवासमोर दोन घरांचीं नांवें त्या घरांच्या संमतीनें लिहावीं. दोन अशासाठीं कीं एक घर त्या दिवशीं गांवांत नसेल. यादी प्रार्थनामंदिराच्या दाराच्या आंतल्या बाजूस लावावी, आणि तिच्याखालीं ११२, रुग्णवाहिकेसाठीं १०८ व जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे क्रमांक ठळक लिहावे. यादींत फक्त आपलींच माणसें असावीं असें आम्हांस वाटत नाहीं. पाणी चाळीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सारखेंच चढतें.

जपानांत १९२३ च्या भूकंपाच्या स्मरणार्थ दर वर्षीं १ सप्टेंबर हा दिवस संकटनिवारणाच्या तयारीसाठीं पाळतात. आपल्यास दोन दिवस पुरेत: एक आगोटीचा, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत, दुसरा नाताळपूर्वीं, घर सारवून-रंगवून होतें तेव्हां. त्या दिवशीं झोळी खालीं काढावी. सेल तपासावे, औषधांच्या तारखा पाहाव्या, मुलांस दूरच्या नातलगाचा क्रमांक तोंडपाठ म्हणावयास लावावा. आणि जुने झालेले पोहे त्याच संध्याकाळीं फोडणीस टाकून सर्वांनीं खावे, व दुसरे दिवशीं नवे आणून झोळींत भरावे.