नेमबाजाचे कान : संरक्षक साधनांची निवड

जबलपूरला बंदुकीचा आवाज नवा नाही. तोफांचे गाडे बनवणारा कारखाना येथे १९०४ साली सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला, आणि त्याच भागात दारूगोळ्याची चाचणी घेण्याचे मैदान आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांची प्रशिक्षण केंद्रेही याच शहरात आहेत. रेल्वे स्थानकालगतची सिव्हिल लाइन्स ही इंग्रजी अमदानीत अधिकाऱ्यांची व वकिलांची वस्ती म्हणून वाढली. अशा वस्तीतील घरांतून शिकारीची बंदूक ही एके काळी नवलाची वस्तू नव्हती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो काळ संपवला. बंदुकीचा छंद मात्र संपला नाही. तो रानातून चांदमारीच्या मैदानावर आला. या बदलाची एक बाजू सहसा ध्यानात घेतली जात नाही. शिकारी दिवसभर भटकून दोन-चार बार काढीत असे. नेमबाज एका सकाळीच त्याच्या कितीतरी पट गोळ्या झाडतो. ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या आजच्या स्पर्धेत प्राथमिक फेरीतच ६० गोळ्या मोजल्या जातात. सरावाच्या गोळ्या निराळ्या. शिवाय शेजारच्या नेमबाजांच्या गोळ्यांचा आवाजही त्याच्याच कानांवर आदळत असतो. म्हणून शिकाऱ्याने कानांकडे केलेले दुर्लक्ष नेमबाजाला परवडणारे नाही.

आवाज कानात काय करतो

बाहेरून आलेला ध्वनी कर्णपटलाला हलवतो. ते कंपन हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्याशा हाडांमधून कर्णशंखात पोहोचते. कर्णशंखातील द्रवात सूक्ष्म रोम असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी रांगांनी बसवलेल्या असतात. कंपनाचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करण्याचे काम या रोमपेशींकडे असते. त्वचेची जखम भरून येते, हाड सांधते. परंतु माणसाच्या कानातील नष्ट झालेली रोमपेशी पुन्हा उगवत नाही.

मोठ्या आवाजापासून बचाव करण्यासाठी निसर्गाने मध्यकर्णात एक लहानसा स्नायू ठेवला आहे. तो आकुंचन पावला की हाडांची साखळी ताठ होते आणि आत जाणारा ध्वनी थोडा क्षीण होतो. पण या क्रियेला सेकंदाचा काही शतांश भाग तरी लागतो. बंदुकीच्या बाराचा दाब त्याच्या आतच शिखर गाठून ओसरू लागतो. पहारेकरी जागा होतो तोवर चोर घरातून गेलेला असतो.

हानीची सुरुवात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उच्च स्वरांपासून होते. म्हणूनच ती प्रथम जाणवत नाही. माणसाला बोलणे ऐकू येते, परंतु शब्द नीट उमगत नाहीत. ‘चार’ म्हटले की ‘सार’, स आणि श यांतील भेद, फ आणि थ यांसारख्या हलक्या व्यंजनांचे उच्चार हे सारे पुसट होत जाते. घरातील माणसे पुटपुटतात अशी तक्रार सुरू होते. काहींच्या कानात सतत शिट्टीसारखा कर्णनाद राहतो. ‘आवाजाची आता सवय झाली’ असे अनुभवी नेमबाज अभिमानाने सांगतो, तेव्हा कान बळकट झालेला नसतो. तो बहुधा कमी ऐकू लागलेला असतो. शिकारीचा शौक आणि बहिरेपणा यांचा संबंध लंडनचे कर्णवैद्य जोसेफ टॉयन्बी यांनी १८६० सालच्या आपल्या ग्रंथातच नोंदवला होता.

खांद्याला लावून उडवायच्या बंदुकीच्या बाबतीत दोन्ही कानांची हानी सारखी नसते. उजव्या खांद्यावर दस्ता टेकवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, तर उजवा कान डोक्याच्या आडोशाला येतो. त्यामुळे अशा नेमबाजाचा डावा कान सामान्यतः आधी मंदावतो.

डेसिबलचा हिशेब

ध्वनीची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि २० डेसिबलला शंभरपट. क्षणिक स्फोटक आवाजासाठी १४० डेसिबलचे शिखर ही प्रौढांच्या बाबतीत सर्वसाधारण धोक्याची रेषा मानली जाते. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ती १२० इतकी खाली ठेवली आहे. भारतातील कारखान्यांच्या आदर्श नियमांतही १४० डेसिबलवरील स्फोटक आवाज कामगाराच्या कानी पडू देण्यास मनाई आहे. छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्यावर मात्र कोणी कारखाना-निरीक्षक नसतो. तेथे कानाची राखण ज्याची त्यानेच करावयाची असते.

या रेषेशी शस्त्रांची तुलना केली तर निवडीची दिशा आपोआप कळते. १० मीटरच्या एअर रायफलचा आवाज या रेषेच्या बराच खाली असतो. पॉइंट बावीसची लांब नळीची रायफल १४० च्या आसपास येते, आणि त्याच काडतुसाचे पिस्तूल, नळी आखूड असल्यामुळे, बहुधा ती रेषा ओलांडते. बारा बोअरची बंदूक आणि मोठ्या काडतुसांची रायफल साधारण १५० ते १७० डेसिबलच्या टप्प्यात असतात. बंदिस्त दालनात भिंतींवरून परतणारा आवाज कानावरील भार आणखी वाढवतो.

साधनांचे प्रकार

पहिला प्रकार कानात घालावयाच्या बोळ्यांचा, म्हणजे इअर-प्लगचा. दाबल्यावर हळूहळू फुलणारा फोमचा बोळा स्वस्त असून नीट बसल्यास उत्तम काम देतो. रबरासारख्या सिलिकोनचे, एकावर एक कडा असलेले बोळे धुऊन पुन्हा वापरता येतात. कानाचा साचा घेऊन खास बनवलेले बोळे महाग पडतात, पण रोज सराव करणाऱ्यास ते सोयीचे वाटतात.

दुसरा प्रकार कानावर बसणाऱ्या टोप्यांचा, म्हणजे इअर-मफचा. ते चटकन घालता-काढता येतात आणि नीट बसले आहेत की नाही हे दुरूनही दिसते. प्रशिक्षकाच्या दृष्टीने हा गुण मोठा आहे. ज्यांच्या कानाची नळी लहान आहे अशा मुलांसाठी मफच अधिक भरवशाचे. परंतु रायफलच्या दस्त्याला गाल टेकवताना जाड मफची कड दस्त्यावर आपटते व मफ किंचित उचलला जातो. म्हणून रायफलधाऱ्याने पातळ कपांचे मफ किंवा बोळे निवडावेत. चष्म्याची जाड दांडी मफच्या गादीखाली फट पाडते. दांडी पातळ असणे बरे. जबलपूरसारख्या शहरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो. तेव्हा मफच्या गाद्या घामाने भिजतात, कालांतराने कडक होऊन चिरतात. त्या वेळेवर बदलल्या पाहिजेत.

तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक मफचा. त्यातील सूक्ष्म ध्वनिग्राहक हळू आवाज मोठा करून ऐकवतो आणि बार होताच तो मार्ग बंद करतो. नवशिक्याला सूचना ऐकण्यासाठी हे साधन उपयुक्त आहे. तथापि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होणाऱ्या स्पर्धांत खेळाडूला व प्रशिक्षकाला ध्वनिग्राहक असलेले साधन वापरण्याची सर्वसाधारणपणे मुभा नाही. स्पर्धेची आकांक्षा असलेल्याने साध्या साधनाचीच सवय करावी.

कानात कापूस घालण्याची जुनी रीत अद्याप आढळते. कोरडा कापूस सच्छिद्र असल्यामुळे आवाज फारसा अडत नाही. उलट संरक्षण झाल्याचा खोटा दिलासा मात्र मिळतो.

पाकिटावरचा आकडा

साधनाच्या पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर या अक्षरांपुढे एक आकडा असतो. पहिली पद्धत अमेरिकेतील, दुसरी युरोपातील. दोन्हींची मोजणी निराळी असल्याने एकीचा आकडा दुसरीशी ताडून पाहू नये. शिवाय हा आकडा प्रयोगशाळेत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, अखंड आवाजात काढलेला असतो. प्रत्यक्षात तेवढा लाभ मिळत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ साली असे सुचवले की मफचा आकडा एक-चतुर्थांशाने आणि फोमच्या बोळ्याचा निम्म्याने कमी धरावा.

एक उदाहरण घेऊ. बाराचे शिखर १६० डेसिबल आहे आणि बोळ्यावर ३० हा आकडा छापला आहे. कागदावर कानापाशी १३० उरतात. बोळा अर्धवट बसून १५ चाच लाभ झाला तर १४५ उरतात, म्हणजे धोक्याची रेषा ओलांडलेलीच राहते. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा बोध पक्का आहे: मोठ्या आकड्याच्या सैल बोळ्यापेक्षा मध्यम आकड्याचा घट्ट बसणारा बोळा श्रेष्ठ.

मोठ्या काडतुसांसाठी आणि बंदिस्त दालनात बोळा व मफ दोन्ही एकदम वापरावेत. मात्र दोन आकड्यांची बेरीज करू नये. दुसऱ्या साधनाने मोठ्या आकड्यात साधारण पाच डेसिबलची भर पडते. कारण काही ध्वनी कवटीच्या हाडांतूनच आत शिरतो, आणि त्याला कोणताही बोळा अडवू शकत नाही.

वापराची रीत

फोमचा बोळा घालण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. काडतुसांच्या धुरातील शिशाचे कण बोटांवर असतात. बोळा चिमटीत वळून बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुलेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. तो नीट बसला असेल तर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो, आणि कानांवर तळवे झाकल्याने बाहेरच्या आवाजात विशेष फरक पडत नाही. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा पावसाळ्यात कानात बुरशी झाली असेल तर वैद्यकीय सल्ल्याखेरीज बोळा घालू नये.

साधन पहिल्या बारापूर्वी चढवावे आणि मैदानावरचा शेवटचा बार होईपर्यंत उतरवू नये. हुकूम नीट ऐकू आला नाही म्हणून मफ क्षणभर उचलावा आणि नेमका त्याच क्षणी शेजाऱ्याचा बार व्हावा, असे घडू शकते. त्यासाठी शिट्टी व हातवारे यांची खूण आधीच ठरवावी. एअर रायफलवर शिकणाऱ्या मुलानेही पहिल्या दिवसापासून मफ घालावा. पुढे पॉइंट बावीसकडे वळताना ती सवय अंगी मुरलेली असते.

सराव सुरू करण्यापूर्वी एकदा आणि नंतर दरवर्षी श्रवणचाचणी करून आलेख जपून ठेवावा. बारानंतर कान बधिर होणे किंवा वाजणे ही हानीची सूचना समजावी, जरी ती काही तासांत ओसरली तरी. एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी उपचाराला झालेला उशीर महाग पडतो.

भारताच्या राष्ट्रीय रायफल संघाची स्थापना १९५१ साली झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचा तीत पुढाकार होता. तेव्हापासून या खेळाने लांबचा पल्ला गाठला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळवले. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकावले. अशा यशाकडे पाहून जी मुले मैदानावर येतात, त्यांना चांगली रायफल मिळावी यासाठी पालक मोठा खर्च सोसतात. रायफल झिजली तर नळी बदलता येते. कानाच्या बाबतीत ती सोय नाही, आणि म्हणून खरेदीच्या यादीत रायफलच्या आधी जागा मिळायला हवी ती कानावर नीट बसणाऱ्या साधनाला.