थळसमोरचं बेट

नवागाम, सुरत

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

नौदलाच्या मार्कोस कमांडो दलात जायचा तुझा निश्चय मला आवडला, पण शौर्याची तुझी कल्पना मात्र अपुरी वाटते. दोरावरून उतरणं, काळोखात शत्रूच्या बोटीवर चढणं हे मोठंच काम आहे. तरीही दर्यावरच्या लढाईत माणसाचा खरा कस लागतो तो घेतलेली जागा धरून ठेवताना. उडी एकदाच मारायची असते. जागा धरायची तर रोज नव्याने छाती करावी लागते. थळसमोरच्या खांदेरी बेटाकडे बघ, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

१६७९ च्या ऑगस्टअखेरीस मायनाक भंडारी शिवाजी महाराजांच्या हुकमावरून त्या ओसाड बेटावर उतरले. बरोबर १५० च्या आसपास माणसं आणि ४ लहान तोफा. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशीच, त्यामुळे इंग्रज खवळले आणि त्यांनी जहाजांचा पहारा बसवला. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरू पाहत होता, तो तिथेच मारला गेला. तट तेव्हा पुरता उभाही नव्हता. एकीकडे बांधकाम चालू ठेवायचं आणि दुसरीकडे समोरच्या तोफांना उत्तर द्यायचं, असे ते दिवस होते. पण माझा जीव अडकतो तो रसद नेणाऱ्या नावाड्यांत. इंग्रजांची मोठी जहाजं शिडांवर चालणारी. वारा पडला की जागच्या जागी. आपल्या होड्या उथळ तळाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. मोठ्या जहाजाचा तळ जिथे खडकाला लागेल अशा पाण्यातून त्या रात्री निसटायच्या, बेटावर माल उतरवायच्या आणि पुन्हा पुढच्या खेपेला लागायच्या. या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तू म्हणशील, १८ ऑक्टोबरला तर आपलंच आरमार मागे हटलं. खरं आहे, आणि ते लपवू नये. महाराजांच्या दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढवला, इंग्रजांचं डव्ह जहाज हाती आलं, त्यांची इतर जहाजं पांगली; पण रिव्हेंज जहाजावर त्यांचा कॅप्टन केग्विन टिकून राहिला आणि आपल्या होड्यांना नागोठण्याच्या खाडीकडे वळावं लागलं. त्या दिवशीचं शौर्य त्याचं, हे मोकळेपणाने मान्य कर. त्यानेही केलं काय? बाकीचे हटले तेव्हा जागा सोडली नाही. बेटावरच्यांनी मात्र हेच महिनोन्‌महिने केलं. पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही इंग्रजांच्या मदतीला आला, तरी खांदेरी पडली नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला आणि जहाजं काढून घेतली. मुंबईचा कारभार तेव्हा आपल्या या सुरतेतल्या वखारीच्या हाताखाली होता, आणि अशा वेढ्याचा खर्च व्यापाऱ्यांना परवडणारा नव्हता.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे: बेटावरच्यांना पळायला वाटच नव्हती, मग त्यात शौर्य कसलं? त्यांच्यापुरतं हे थोडंफार खरं मानू. पण नावाड्याचं काय? तो किनाऱ्यावर होता, पायाखाली जमीन होती. आज प्रकृती बरी नाही, एवढं म्हणायचा अवकाश, की तो घरी राहू शकला असता. दर संध्याकाळी त्याच्यापुढे ही निवड होती आणि तरी होडी पाण्यात जात होती. म्हणूनच मी त्याला आधी मान देतो.

२८ सप्टेंबर २०१९ ला नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीचं नाव खांदेरी आहे. दिवसचे दिवस पाण्याखाली गप्प राहून पहारा करणाऱ्या बोटीला ते शोभतं. तुझ्या तयारीतही नुसत्या पळण्या-पोहण्यावर भागवू नकोस. गाठी मारायला शिक, भरती-ओहोटीचं गणित शिक, झोप मोडून पहारा देण्याची सवय लाव. आणि अर्ज भरण्याआधी एकदा अलिबागजवळच्या थळला जाऊन ये. दिवेलागणीपर्यंत किनाऱ्यावर थांब आणि बेटापर्यंतचं पाणी नीट बघ. रसद तिथूनच जायची.

तुझा मामा