फुटलेले तावदान आणि घराचे आरोग्य

खिडकीची काच फुटणे हा काही आजार नव्हे. मग आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. परंतु अहेरीत दवाखाना चालविताना फुटक्या काचेशी संबंध असलेले तीन प्रकारचे रुग्ण मला भेटतात. पहिला म्हणजे काच काढताना हात कापून घेतलेला. दुसरा, मोकळ्या तावदानातून रात्रभर डास येत असलेल्या खोलीत झोपणारा आणि तापाने फणफणलेला. तिसरा, त्या भोकावर पुठ्ठा किंवा पत्रा ठोकून वर्षानुवर्षे कोंदट खोलीत खोकत राहणारा. या तिन्ही गोष्टी टाळता येतात. एक तावदान बदलायला सारे साहित्य हाताशी असेल तर तासा-दोन तासांचे काम पुरते. ते कसे करावे आणि करताना शरीराला कसे जपावे, हे या लेखात पाहू.

उघडे भोक आणि हिवताप

आपला गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. जंगल, नाले, भातशेती आणि भरपूर पाऊस यांमुळे महाराष्ट्रात हिवतापाचे सर्वाधिक रुग्ण आढळणाऱ्या जिल्ह्यांत तो पूर्वीपासून मोडतो. त्यातही येथे फॅल्सिपेरम जातीचा हिवताप आढळतो. हीच जात मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकते.

हिवताप डासांमार्फत पसरतो, या शोधाची पायाभरणी आपल्यापासून फार दूर झालेली नाही. प्राणहिता ओलांडली की तेलंगण लागते. त्याच तेलंगणातील सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना अॅनाफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. तरीही पुष्कळांना ते पटले नव्हते. दलदलीची हवा आणि पाणी यांनीच ताप येतो, असे लोक मानत. तेव्हा १९०० साली इटलीत रोमजवळच्या ओस्तिया भागात एक साधा प्रयोग झाला. सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर व त्यांचे सोबती ऐन हिवतापाच्या हंगामात तेथे लाकडी झोपडीत राहिले. झोपडीच्या दारा-खिडक्यांना बारीक जाळी लावलेली होती. दिवसा ते बाहेर हिंडत, मात्र सूर्यास्ताआधी आत येत आणि सूर्योदयापर्यंत आतच राहत. कोयनेलच्या गोळ्या त्यांनी घेतल्या नाहीत. आजूबाजूचे लोक तापाने आजारी पडत होते, पण झोपडीतल्या कोणालाही हिवताप झाला नाही. हवा तीच होती आणि दलदलही तीच होती. फरक एवढाच, की खिडकीतून डास आत येऊ शकत नव्हते.

या प्रयोगातून आपल्यालाही शिकण्यासारखे आहे. अॅनाफिलिस डास मुख्यतः रात्री चावतो. त्यामुळे झोपण्याच्या खोलीचे फुटके तावदान म्हणजे त्याच्यासाठी रात्रभर उघडे ठेवलेले दारच होय. मात्र नुसती काच बसविल्याने काम भागत नाही, हेही लक्षात घ्यावे. आपल्याकडच्या उकाड्यात संध्याकाळी खिडकी उघडावीच लागते. म्हणून सुताराला काचेसाठी बोलावले की त्याच खिडकीला आतून जाळीची चौकटही करून घ्यावी. आणि जाळी असली तरी झोपताना औषधी मच्छरदाणी वापरणे सोडू नये, कारण कौलांतून आणि दाराच्या फटींतून डास येतच असतात.

पुठ्ठा का नको?

काच फुटली की पहिल्या दिवशी पुठ्ठा लावणे योग्यच आहे. पण "पुढच्या बाजारी पाहू" म्हणता म्हणता तोच पुठ्ठा दोन पावसाळे काढतो. तो भिजतो, त्यावर बुरशी धरते. खोलीत उजेड येत नाही आणि चुलीचा धूर बाहेर जात नाही. घरात एखाद्याला क्षयरोग असेल तर त्याच्या खोकल्यातून निघालेले जंतू बंद खोलीतल्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. मोकळा वारा त्यांना पातळ करून बाहेर नेतो. म्हणून खिडकी बंद करून टाकणे हा उपाय नव्हे. उजेड आणि वारा आत यावा, डास मात्र येऊ नये, अशी ती असावी. तात्पुरता आडोसा हवाच असेल तर पुठ्ठ्याऐवजी मच्छरदाणीचा तुकडा चार पट्ट्यांनी ताणून ठोकावा.

फुटकी काच काढताना

साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे लांब, धारदार तुकडे होतात. जास्तीत जास्त जखमा काच बसविताना नव्हे, तर काढताना होतात. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१) मुले आणि जनावरे दूर ठेवावीत. पायात चप्पल नको, बूट घालावेत. हातात जाड कातडी मोजे असावेत, ते नसतील तर गोणपाटाचे दुहेरी तुकडे धरावेत. डोळ्यांवर चष्मा हवा.

२) खिडकीच्या आत आणि बाहेर जमिनीवर जुने पोते किंवा जाड चादर पसरावी.

३) काच तडकली असून जागेवरच असेल तर तिच्यावर आडवी-उभी चिकटपट्टी लावावी. म्हणजे तुकडे विखुरत नाहीत.

४) तुकडे नेहमी वरून खाली काढत यावे. खालचे आधी काढले तर वरचा तुकडा मनगटावर घसरतो.

५) चौकटीच्या खाचेतली वाळलेली लांबी पटाशीने हळूहळू सोडवावी आणि जुन्या चुका पकडीने उपटाव्यात. पटाशी ढकलताना दुसरा हात तिच्या वाटेत ठेवू नये.

६) केर काढल्यावर बारीक कण ओल्या कापडाने टिपावेत. अंधारात बॅटरी जमिनीलगत आडवी धरली की राहिलेले कण चमकतात.

काचेचे तुकडे उकिरड्यावर मोकळे टाकू नयेत. तेथे अनवाणी मुले आणि गुरे फिरतात. जाड कागदात गुंडाळून, दोरीने बांधून, वर "काच" असे लिहून मगच ते कचरागाडीत किंवा भंगारवाल्याला द्यावेत.

जुन्या रंगाचा धोका

ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. जुन्या ऑइल पेंटमध्ये आणि काही जुन्या पुट्टीत शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगविलेली चौकट असेल तर काळजी घ्यावी. शिशाची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये किंवा जाळून काढू नये. पाणी शिंपडून ओलाच खरवडावा, नाकाला कापड बांधावे, गरोदर बाई व मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये आणि काम झाल्यावर हात-तोंड साबणाने धुऊन मगच जेवावे.

माप आणि नवी काच

खाच साफ झाल्यावर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. उंचीही तशीच तीनदा मोजावी. दोन्हींत सर्वांत कमी भरलेले माप धरावे. नंतर दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. ते सारखे नसतील तर चौकट तिरपी झाली आहे असे समजून पुठ्ठ्याचा साचा कापून दुकानात न्यावा. काच या मापापेक्षा एक सूत, म्हणजे सुमारे ३ मि.मी. कमी घ्यावी. सागवान पावसाळ्यात फारसे हलत नाही, पण हलके लाकूड पाणी पिऊन फुगते. ही फट ठेवली नाही तर चौकट काचेला दाबते आणि नवे तावदानही तडकते.

लहान तावदानाला ३ किंवा ४ मि.मी. जाडीची काच पुरते. ४ मि.मी. जाडीची एक चौरस फूट काच जवळजवळ एक किलो भरते. म्हणून मोठे तावदान एकट्याने उचलू नये. काच दुकानातच कापून, कडा घासून घ्यावी. घरी आणताना ती उभी धरावी, आडवी नव्हे. दुचाकीवर मांडीवर काच घेऊन बसणे तर मुळीच करू नये. खिडकी जमिनीलगत असेल आणि घरात लहान मुले असतील तर टफन्ड काच बसवावी. ती महाग पडते, पण फुटली तर तिचे बारीक, बोथट खडे होतात. ती मागाहून कापता येत नाही, त्यामुळे माप अगदी बरोबर द्यावे लागते.

काच बसविणे

लाकडी चौकटीसाठी जवसाच्या तेलात खडूची पूड मळून केलेली लांबी वापरतात. भिंतीला लावायची पुट्टी वेगळी असते, ती येथे चालत नाही. खाचेला आधी जवसाच्या तेलाचा हात द्यावा, म्हणजे कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेत नाही. लांबी हातात मळून मऊ करावी, तिची वळकटी वळून खाचेत सगळीकडे पातळ थर द्यावा. त्यावर काच टेकवून फक्त कडेने दाबावी. मध्यभागी दाबले की काच फुटते आणि हात आरपार जातो. मग प्रत्येक बाजूला लहान चुका ठोकाव्यात. हातोडी काचेला समांतर सरकवावी. वरून लांबीचा दुसरा थर तिरका, उताराचा ओढावा, म्हणजे पावसाचे पाणी थांबत नाही. लांबीऐवजी लाकडी पट्टीही चालते. लांबीवर साय धरायला आठ-पंधरा दिवस लागतात, त्यानंतर रंग द्यावा.

एक इशारा देतो. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. आपल्या उन्हाळ्यात तर हा धोका खराच आहे. फडकी बाहेर मोकळी पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावीत.

हात कापलाच तर

जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबावे आणि हात छातीपेक्षा वर धरावा. घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटे दाबावे, मध्येच उघडून पाहू नये. रक्त थांबल्यावर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. हळद, चुना, चहापूड, विडीची राख यांपैकी काहीही भरू नये. त्याने जखम झाकली जाते, पण घाण आतच राहते. काच आत रुतलेली दिसत असेल तर ती उपटू नये. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबून, तशीच बांधून रुग्णालय गाठावे. डोळ्यात कण गेला तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे, पण कण रुतला असेल तर न धुता, डोळ्यावर दाब न देता वाटी झाकून न्यावे.

पुढील खुणा दिसल्या तर उशीर करू नये: रक्त उडत असणे, दहा मिनिटांनंतरही ते न थांबणे, बोट वाकत किंवा सरळ होत नसणे, बोटाचा शेंडा बधिर होणे. तळहातावरची जखम बाहेरून लहान दिसते, पण आत बोट वाकविणारा कंडरा तुटलेला असू शकतो. तो वेळेत शिवला तर बोट वाचते. हळद दाबून आठ-पंधरा दिवसांनी आलेल्या मजुराचे बोट पूर्वीसारखे होईलच असे सांगता येत नाही, आणि त्याचे तर पोटच हातावर असते. काच एक्स-रेमध्ये दिसत नाही, हा समज चुकीचा आहे. नेहमीच्या काचेचे दोन मि.मी. पेक्षा मोठे तुकडे बहुधा दिसतात. जखम भरूनही टोचत राहिली तर एक्स-रे काढून घ्यावा.

धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात. जखम मळकी असेल आणि शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे झाली असतील, तर पुन्हा घ्यावे. जखम स्वच्छ असेल तर दहा वर्षांपर्यंत आधीचे पुरते. केव्हा घेतले ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते.

आणि ताप आला तर

फॅल्सिपेरमचा ताप डास चावल्यापासून साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत येतो. "काल पावसात भिजला म्हणून आला" असे म्हणून थांबू नये. थंडी, ताप, डोकेदुखी सुरू झाली की त्याच दिवशी आशा कार्यकर्तीकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासावे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तेथल्या तेथे उत्तर मिळते. गोळ्या मोफत असतात, त्या ताप उतरला तरी पूर्ण घ्याव्यात. मूल गुंगीत असेल, झटके येत असतील, अंगावर पीत नसेल किंवा सारखी उलटी होत असेल तर गोळीची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे. असे मूल एका दिवसात हातचे जाऊ शकते.

आज सायंकाळी दिवेलागणीआधी घरातल्या खिडक्यांवर एक नजर टाकावी. तडकलेली काच, उखडलेली लांबी, फाटलेली जाळी, जुना पुठ्ठा जे दिसेल ते कागदावर लिहावे. पुढच्या आठवडी बाजाराच्या यादीत मीठ-मिरचीबरोबर एक सूत कमी मापाची काच, पाव किलो लांबी आणि मीटरभर जाळी एवढे लिहून ठेवले की काम मार्गी लागते. मुले झोपतात त्या खोलीची खिडकी सर्वांत आधी दुरुस्त करावी.